मदत हवी आहे: कूलिंग ट्रीटमेंट झालेल्या बाळासाठी रत्नागिरीत फिजिओ?

नमस्कार मंडळी, आम्ही रत्नागिरीकडचे. भाचीचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला म्हणाले, मग आंबा घाटातून रातोरात कोल्हापूर गाठलं, 6 तासांच्या आत पोचलो म्हणून कूलिंग लावता आलं (मेंदूचं आणखी नुकसान टळावं म्हणून 72 तास अंग 33-34 डिग्रीवर ठेवतात, हात लावला तर गारेगार, आजी नुसती दुपटं घाला म्हणून मागे लागलेली). आता तीन महिन्यांचं होईल, दूध नीट ओढतंय पण अजून मान धरत नाही आणि डावी मूठ कायम आवळलेली. डॉक्टर म्हणतात फिजिओ आत्तापासूनच सुरू करा. रत्नागिरी-चिपळूणकडे एवढ्या लहान बाळांचं करणारं कोणी चांगलं आहे का? सिव्हिलच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) कोणी नेलंय का? मालीशचे सल्ले नकोत प्लीज, ते घरात भरपूर मिळतायत.