जुन्या चित्रांतली भिंत: तट, कोट, प्राकार की गडगा?

रायबंदरवाली
पणजीतल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी गोव्याच्या जुन्या छापील चित्रांखालच्या मराठी ओळी लिहिते आहे. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या नगरचित्रांच्या ग्रंथमालेत (पहिला खंड १५७२) गोव्याचे चित्र आहे. पाण्यात गलबते, आत घरांची दाटी आणि त्या सगळ्याला वळसा घालणारी भिंत. मी लिहिले, 'शहराभोवतीची भिंत'. तपासणाऱ्यांनी 'भिंत' खोडून 'प्राकार' केले. मला तर प्राकार म्हटले की देऊळच दिसते. दुसरी चित्रे बोकारो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या १६३५ च्या हस्तलिखितातली, पेद्रू बार्रेतु द रेझेंद याने काढलेले किल्ल्यांचे आराखडे. त्यांत तर भिंत हाच मुख्य विषय. काय लिहावे?

जुनेपान
प्राकार बरोबर आहे. नगराभोवतीची भिंत हा त्याचा मूळ अर्थच आहे. देवळाने तो नंतर एकट्याचा करून घेतला म्हणून आपण सोडायचा का? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. त्यात किल्ल्यांच्या शब्दांचा दुर्गवर्ग स्वतंत्र आहे. शब्द हाताशी असताना आळसाने 'भिंत' लिहू नये.

चिरेखण
कोश झाला, आणि तरीही बुरूज बुरूजच राहिला. अरबीतून आला आणि गडावर कायमचा बसला. चर्या, जंग्या, फांजी हे तटाच्या भागांचे शब्द गडावर फिरणाऱ्या पोरांनाही येतात. प्रदर्शन बघायला येणारा माणूस 'प्राकार' वाचून पुढे सरकेल, 'तट' वाचून चित्रात तट शोधेल. 'तट' लिहा.

रायबंदरवाली
पण तट म्हणजे काठही. 'मांडवीच्या तटावर शहराचा तट' असे वाक्य होऊन बसले.

चिरेखण
ते वाक्य मोडा, शब्द नको. माझ्या मते काठाचा तट आणि किल्ल्याचा तट एकच. नदीच्या कडेचा उभा चढ, तसाच बांधून काढला की झाला तट. आणि गावात दोन तट पडतात तेही तिथूनच, एक आतला, एक बाहेरचा.

जुनेपान
पहिला भाग पटतो. 'दोन तट पडणे' मात्र नदीच्या दोन काठांवरून आले असणार, तिथे किल्ला कशाला हवा?

अंत्रुजी
वाद मोठ्यांचा चालू आहे, पण मला मुळातच 'भिंत' खटकते. आमच्या घरी भिंत हा शब्द फक्त घराला. आजी म्हणायची, "पाखें तेंकता ती वणत, हेर सगळो गडगो." छप्पर टेकते ती भिंत, बाकी सगळा गडगा. आवाराची, शेताची, बागेची, सगळा गडगा. मग शहराभोवतीची ती भिंत कशी?

पेडणेवाट
आजीचा नियम छान आहे, पण ज्ञानेश्वरांचे काय? चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आला आणि भावंडे भिंतीवर बसून सामोरी गेली. तिच्यावर छप्पर कुठे होते? तरी सगळा महाराष्ट्र तिला भिंतच म्हणतो. 'गडगा चालविला' म्हणून बघा!

अंत्रुजी
ती पडक्या घराची भिंत होती असेच लहानपणी ऐकले. छप्पर गेले, नाव राहिले.

तांबडीकाव
या भिंतीचे चित्र हा मोठा विषय आहे. दख्खनच्या सूफी परंपरेतही वाघावर बसलेला एक संत आणि त्याला भिंतीवरून सामोरा जाणारा दुसरा, अशी कथा आहे. कॅलेंडरांवर ती भिंत बहुधा विटांची काढतात, गिलावा मध्येच उडालेला, खाली गवत. फोंड्याकडच्या एका देवळाच्या सभामंडपात मी हेच चित्र पाहिले, तिथे चित्रकाराने चिऱ्याचे थर काढले आहेत. प्रत्येक चिऱ्यावर बारीक ठिपके देऊन जांभ्याची भोके दाखवली आहेत. आळंदीची भिंत गोव्यात आली आणि चिऱ्याची झाली. त्याने जन्मभर जी भिंत पाहिली तीच काढली, आणि मला ते चित्र त्यामुळे खरे वाटते.

पेडणेवाट
तांबडीकाव या नावावरून आठवले. मोरजीच्या मोरजाई देवळातले कावीकाम पाहिले का कोणी? चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढतात. तिथे भिंत काढत नाहीत, भिंतीतूनच काढतात. याला भित्तिचित्र म्हणावे का?

जुनेपान
भित्तिचित्रच. आणि 'भित्ति' भिद् धातूतून आली, भेदणे, फोडणे. जी जागेचे दोन भाग करते ती भित्ति. छपराचा तिच्याशी मुळात संबंध नाही. आजींबद्दल आदर ठेवूनच म्हणतो.

अंत्रुजी
संस्कृतात नसेल. अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, आहे. शब्द धातूत जन्मतो, पण राहतो वापरणाऱ्याच्या घरी.

तांबडीकाव
मूळ चित्राबद्दल एक सुचवते. त्या काळच्या नगरचित्रांत वेढणारी भिंत नुसते बांधकाम नसते, 'हे शहर आहे' असे सांगणारी ती खूण असते. ग्रीक नगरदेवतेच्या डोक्यावर तटाचा मुकुट असतो. पोर्तुगालच्या नगरचिन्हांवर आजही बुरुजांचा मुकुट दिसतो. आपल्याकडे सांचीला दक्षिण तोरणावर कुशीनगरचा वेढा कोरला आहे. वर तट, खाली हत्ती, की नगर ओळखू आले. म्हणून शब्द असा हवा ज्यात शहरपण आहे. 'कोट' कसा वाटतो?

चिरेखण
कोटात शहर मावत नाही. कोट म्हणजे आतला किल्ला.

पेडणेवाट
आमच्याकडे क्रियापदेही निरनिराळी. गडगा घालतात, भिंत उभारतात, तट बांधतात. नावाबद्दल शंका असेल तर क्रियापद लावून बघावे. फोंड्याकडे गडगा 'घालतात' की 'रचतात'?

अंत्रुजी
घालतात. चुना-सिमेंट न लावता नुसते दगड बसवायचे असतील तर रचतातही.

रायबंदरवाली
मंडळी, तपासणाऱ्यांचा निरोप आला. प्राकार सोडायला तयार आहेत, पण 'तट' नको, 'तटबंदी' हवे म्हणतात.

चिरेखण
दोन्ही एक नव्हेत. तट ही वस्तू. तटबंदी म्हणजे तट, बुरूज, दरवाजे, खंदक अशी सगळी तजवीज. चित्रात बुरूज किती ठळक आहेत ते आधी पाहा.

जुनेपान
आणि 'बंदी' फारसी आहे, एवढे त्यांना कळवा.