शब्दचर्चा : खेळातली तलवार मंतरलेली, भारलेली की पाणी दिलेली?

बोरीअरब

गावातील मुलांसाठी एका ऑनलाइन भूमिका-खेळाची मार्गदर्शिका मराठीत लिहीत असताना एका ओळीपाशी काम अडले आहे. खेळातील तलवारीवर बोट ठेवले की खाली इंग्रजीत सूचना उमटते. मुले ती न वाचताच बटण दाबतात आणि मेहनतीने मिळवलेली गोष्ट क्षणात घालवून बसतात, म्हणून निदान तेवढी ओळ मराठीत चोख यावी अशी माझी इच्छा आहे. आशय असा की, या तलवारीवर एक एन्चांटमेंट, म्हणजे जादूने चढवलेली शक्ती, आधीच आहे. नवे केल्यास जुने पुसले जाईल आणि त्यामुळे वाढलेले अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे बळ किंवा दम यांसारखी गोष्टही जाईल. मी लिहिले, "ही तलवार आधीच मंतरलेली आहे. पुन्हा मंतरल्यास पहिला मंत्र उतरेल आणि त्याने आलेला गुणधर्म नाहीसा होईल." मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी "मंतरलेली" खोडून "भारलेली" केले. पाणी, लिंबू, दोरा मंतरतात, शस्त्र मात्र भारतात, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरी आजी उंबरठ्यात ठोकलेल्या खिळ्याला "मंतरलेला खिळा" म्हणत असे, आणि खिळा तर लोखंडाचाच असतो. असा भेद दारव्हा-दिग्रसकडे किंवा अन्यत्र कोणी पाळताना ऐकले आहे का? शिवाय "अ‍ॅट्रिब्यूट"ला गुण म्हणावे, गुणधर्म म्हणावे की आणखी काही, हेही जाणकारांनी सांगावे.

निवृत्त मास्तर, अकोट

असा भेद मी कधी ऐकलेला नाही. मूळ इंग्रजी क्रियापद फ्रेंचमार्गे लॅटिनमधील "इनकान्तारे"पर्यंत जाते आणि त्याचा अर्थ मंत्र गाऊन वश करणे असाच आहे. आपल्याकडे "मंत्र"ला "अभि" हा उपसर्ग लागून "अभिमंत्रण" हा शब्द जवळपास त्याच बांधणीने झालेला आहे. तेव्हा लिहिताना "अभिमंत्रित तलवार" म्हणावे आणि बोलताना "मंतरलेली" म्हणावे. दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत. "भारणे" मात्र मला "भार"वरून आलेले वाटते. वस्तूवर शक्तीचा भार चढवायचा, ती भारायची. म्हणूनच विज्ञानाच्या पुस्तकात कण प्रभारित होतो आणि कीर्तनाला बसलेला माणूस भारून जातो. हा शब्द सुंदर आहे, पण त्यात मंत्र कुठेच नाही.

पैनगंगा

मास्तर, आपल्या व्युत्पत्तीविषयी मला काही म्हणायचे नाही, पण मी हे खेळ अनेक वर्षे खेळत आलो आहे आणि मुख्य अडचण वेगळीच आहे असे मला वाटते. खेळाडू ज्याला सरसकट एन्चांट म्हणतात, त्या प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या क्रिया आहेत.

पहिली क्रिया बोरीअरब यांच्या ओळीतली. 2004 साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एन्चांटिंग हा पात्राने शिकायचा एक व्यवसायच आहे. तिथे शस्त्रावर कायमस्वरूपी एन्चांट एकच राहते. दुसरे केले की पहिले जाते. त्याने बळ, चपळाई, दम किंवा बुद्धी यांपैकी एखाद्या गोष्टीत भर पडते. दुसरी क्रिया कोरियन खेळांतली आहे. तिथे वस्तूच्या नावापुढे अधिक एक, अधिक दोन असा आकडा चढत जातो आणि एका मर्यादेपुढे धोका सुरू होतो. 1998 च्या लिनिएजमध्ये साधारण शस्त्र अधिक सहापर्यंत आणि चिलखत अधिक चारपर्यंत निर्धास्त नेता येते. त्यापुढे प्रयत्न फसला तर वस्तूच नष्ट होते. रॅग्नारॉक ऑनलाइनच्या जुन्या नियमांत शस्त्र जितके वरच्या पातळीचे तितकी ही मर्यादा खाली येते, म्हणजे पहिल्या पातळीच्या शस्त्राला अधिक सात आणि चौथ्या पातळीच्या शस्त्राला अवघी अधिक चार. तिसरी क्रिया म्हणजे वस्तूला असलेल्या खाचेत रत्न किंवा पत्ता (कार्ड) बसवणे.

तिसऱ्या क्रियेसाठी आपल्याकडे "कोंदण" हा तयार शब्द आहे आणि "जडवणे" हे क्रियापदही आहे, त्यामुळे तिथे वाद नसावा. पहिल्या क्रियेला मंतरणे म्हणायला माझी हरकत नाही. पण दुसऱ्या क्रियेत अनेकदा मंत्राचा संबंधच नसतो. रॅग्नारॉकमध्ये ते काम लोहार आपल्या भट्टीपाशी धातू लावून करतो. आमच्या गावची पोरे म्हणतात, "माही तलवार प्लस सात हाय, आठवर नेली तं उडन." त्यांच्या या वाक्यात अर्थाची काडीमात्र गफलत नाही. त्यांना "अभिमंत्रित" वाचायला लावले तर ती पुन्हा न वाचताच बटण दाबतील.

वर्धाकाठ

मला या चर्चेत एक गंभीर गोष्ट नोंदवायची आहे. मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. पावसाळ्यात निंदणाच्या दिवसांत साप चावलेली माणसे आमच्याकडे येतात, आणि त्यातली काही आधी मांत्रिकाकडे जाऊन, मंतरलेले पाणी पिऊन, दंडाला दोरा बांधून, बहुमोल वेळ घालवून येतात. प्रतिविष आमच्या कपाटात असते आणि माणूस मात्र दुसऱ्या गावच्या ओट्यावर असतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत सर्पदंशाच्या रुग्णाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच आलेला नाही. अशा गावात मुलांच्या हातातील खेळात "मंतरल्याने शक्ती वाढते" असे वाक्य शुद्ध मराठीत आणि तेही आपण लिहून ठेवावे, हे मला पटत नाही. इंग्रजी शब्दाला तो वास नाही. म्हणून मुले म्हणतात तसे "एन्चांट" राहू द्यावे, किंवा "गुणवर्धन" असा निर्मळ शब्द घ्यावा.

निवृत्त मास्तर, अकोट

ताई, आपला कळवळा रास्त आहे आणि आपले काम फार मोलाचे आहे. परंतु कल्पित कथेतील जादूला जादूच म्हणावे लागते. राक्षसाचा जीव पोपटात असलेल्या गोष्टी ऐकून आपण सारे वाढलो आणि त्यामुळे कोणी पोपट मारत सुटले नाही. "गुणवर्धन" हा शब्द तर सरकारी योजनेच्या नावासारखा वाटतो. तलवारीचे गुणवर्धन केले, असे म्हणणारा योद्धा मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

वर्धाकाठ

पोपट मारायला कोणी गेले नाही, कारण राक्षस गावात नव्हता. मांत्रिक मात्र गावात आहे. फरक एवढाच आहे आणि तो मला मोठा वाटतो.

धानपट्टा

भंडारा जिल्ह्यातून लिहितो आहे. माझे चुलते वैद्य होते, त्यामुळे मला पहिल्यापासून वेगळाच शब्द सुचतो आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात "संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते" असे वचन आहे, म्हणजे द्रव्यात दुसरा गुण आणून ठेवणे याचेच नाव संस्कार. बोरीअरब यांना हवी असलेली सगळी कल्पना या एका वचनात आहे: मुळात द्रव्य आहे, त्याचे स्वाभाविक गुण आहेत, आणि क्रियेने घातलेला निराळा गुण आहे. पैनगंगांच्या चढत्या आकड्यासाठीही वैद्यकातच सोय आहे. भस्म करताना पुट देतात, म्हणजे द्रव्य बंद भांड्यात घालून पुन्हा पुन्हा आगीत भाजतात. शंभर पुटांचे अभ्रकभस्म शतपुटी, हजार पुटांचे सहस्रपुटी, आणि पुटे जितकी जास्त तितके औषध प्रभावी असा समज आहे. अधिक सात तलवारीला "सप्तपुटी तलवार" का म्हणू नये? वर्धाकाठ यांचा मंत्राविषयीचा आक्षेपही त्यात उरत नाही.

पैनगंगा

शब्द देखणा आहे, पण शतपुटी भस्म शंभराव्या पुटाला नाहीसे होत नाही. खेळातली तलवार होते. तो धोका शब्दातून कळला पाहिजे, कारण सूचना लिहिण्याचे कारणच तो धोका आहे.

हिवरखेड

धोका कळायचा असेल तर "पाणी देणे" घ्यावे. आमचे घर लोहाराच्या भात्यासमोर होते, त्यामुळे ही क्रिया मी लहानपणापासून पाहिली आहे. विळा, कुऱ्हाड किंवा वखराची पास लाल करून, ठोकून, धार काढून झाली की शेवटी पुन्हा तापवतात आणि फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरतात. सगळे पाते बुडवायचे नसते. लाली कोणत्या छटेवर आली की पाण्याला लावायचे, हे लोहार नजरेने ठरवतो आणि त्या वेळी तो कोणाशी बोलत नाही. पाणी कमी बसले तर विळा दोन दिवसांत बोथट होतो; जास्त बसले तर धार कडक होते पण ठिसूळ होते, आणि तुऱ्हाटीवर पहिला घाव बसताच तिचा कपचा उडतो. लोखंडाचा विळा तोच, वजन तेच, आकार तोच, पण पाणी दिल्याने त्यात जे येते ते आधी नव्हते. जास्तीचा हव्यास केला की वस्तू हातची जाते. खेळातील दुसऱ्या क्रियेचे याहून अचूक नाव मला माहीत नाही. "या तलवारीला सहा पाणी दिले आहे, सातव्याला तडकू शकते," हे आमच्याकडचे कोणतेही मूल समजेल.

निवृत्त मास्तर, अकोट

"पाणी देणे" आणि "पाजवणे" यांत गल्लत होऊ नये. पाजवणे म्हणजे धार लावणे. आमच्याकडे झिजलेला फाळ ठोकून पुन्हा टोकदार करण्याला "शेवटणे" असा तिसराच शब्द आहे.

हिवरखेड

मास्तर, मला मान्य नाही. "पाजवणे" हे "पाजणे"चेच रूप आहे आणि पाजायचे ते पाणीच. विळा पाजवून आण असे घरून सांगत तेव्हा लोहार नुसती कानस फिरवत नसे, तो भट्टीत घालून पाणीही देत असे. कानशीने धार लावायची असती तर ती घरीही लावता आली असती.

निवृत्त मास्तर, अकोट

मग सहाणेवर सुरी पाजवतात तेव्हा भट्टी कुठे असते? शब्दाचा मूळ अर्थ आणि आजचा वापर यांत अंतर पडते, हे आपण मान्य केले पाहिजे.

वावरवाट

क्रियापदावर एवढी चर्चा झाली, पण बोरीअरब यांचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे. "गुण" आणि "वस्तूचा मूळ प्रकार" यांतला भेद आपल्या बैलांच्या म्हणीने कधीच करून ठेवला आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग, जात, जे जन्मासोबत आले आणि बदलत नाही. गुण म्हणजे जो नंतर लागतो. खेळातही तलवार ही तलवारच राहते, तिचा भाला होत नाही. तिला लागतो तो गुण. कपाशीचे बियाणे घेतानाही आपण "कोणते वाण?" असेच विचारतो. तेव्हा वस्तूच्या मूळ प्रकाराला वाण आणि बाहेरून आलेल्याला गुण म्हणावे. "लागणे" हे क्रियापदही फुकट मिळते: "या तलवारीला दमाचा गुण लागला आहे." औषधाचा गुण येतो, एखाद्याचा हातगुण असतो, सुनेचा पायगुण पाहतात, गुण हा कुठून तरी येतो आणि परिणाम करतो, हे मराठी माणसाच्या कानात पक्के बसलेले आहे. "गुणधर्म" म्हटले की त्याला शाळेतील पाण्याचे गुणधर्म आठवतात, आणि ते पाण्याला कोणी लावलेले नसतात.

पैनगंगा

हे मला मनापासून आवडले. एकच शंका आहे. खेळात या गोष्टी आकड्यांत असतात. बळ अधिक बारा, दम अधिक आठ असे असते. "तलवारीला बारा गुण" असे लिहिले तर मुलांना परीक्षेचे गुण वाटतील. आकड्यासाठी "कस" चालेल का? जमिनीचा कस असतो, सोन्याचा कस असतो, आणि तो कमी-जास्त मोजला जातो.

वावरवाट

कस चढवता येत नाही, तो मुळात असावा लागतो.

हिवरखेड

शेणखत टाकून जमिनीचा कस वाढवतो तो काय मग?

धानपट्टा

म्हणजे आपण पुन्हा संस्काराशीच आलो. "गुणान्तराधान" हाच त्याचा शास्त्रीय अर्थ आहे.

वर्धाकाठ

वावरवाट यांचा "गुण लागणे" हा प्रयोग मंत्राशिवाय उभा राहतो, म्हणून मी त्याला पाठिंबा देते. बोरीअरब, तुमची ओळ अशी करून पाहा: "या तलवारीला आधीच एक गुण लावलेला आहे. दुसरा लावल्यास पहिला जाईल." यात खेळातील अर्थ पूर्ण येतो.

बोरीअरब

ओळ वाचायला स्वच्छ आहे आणि मी ती मसुद्यात तूर्त घेतली आहे. परंतु मार्गदर्शिकेत पुढे शापित वस्तूंचे प्रकरण आहे. 1987 च्या नेटहॅक या खेळातही असलेली ही कल्पना आहे, की शापित तलवार एकदा हातात धरली की शाप काढल्याशिवाय ती हातातून सुटत नाही. तिथे शाप आणि मंत्र समोरासमोर येतात, आणि "गुण लागला" म्हणून भागत नाही. शापाला तोलणारा जादूचाच शब्द लागतो. त्या प्रकरणात मी "मंतरलेली" ठेवणार आहे. माझ्या स्नेह्यांचा "शस्त्र भारतात" हा आग्रह मात्र अजून कोणी खोडला नाही किंवा त्याला दुजोराही दिला नाही.

निवृत्त मास्तर, अकोट

मी पहिल्याच उत्तरात तो भेद नाकारला आहे.

धानपट्टा

आमच्या झाडीपट्टीत जुनी माणसे शिकारीच्या जाळ्याला "भारलेले" म्हणत, "मंतरलेले" म्हणताना मी ऐकले नाही. जाळे हे शस्त्र धरायचे की दोरा, ते आपण ठरवा.

हिवरखेड

जाळे दोऱ्याचेच असते, पण ते मारण्यासाठी वापरतात. यवतमाळ-पुसदकडे कोणाला कुऱ्हाड किंवा भाला "भारणे" असा प्रयोग आठवत असल्यास लिहावे. आणि मास्तर, सहाणेवर पाजवताना सहाणेवर आधी पाणीच टाकतात, हे राहून गेले होते.