आमदारांच्या कार्यपत्रिकेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका आमदारांची मतदारांसाठी चार पानी पत्रिका करायची आहे. विषय सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे, गोदावरीचे प्रदूषण, कांदा.

अशा पत्रकांत सगळीकडे ‘मंजूर’ ठोकून देतात. पण पुरवणी मागणीत (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात) तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, यात महिनोन्‌महिने जातात आणि लोक खड्डा बघून जाब विचारतात. (बरोबरच आहे म्हणा.) म्हणून प्रत्येक कामापुढे टप्पा, आदेशाची तारीख आणि खाते द्यायचे आहे.

आमदार निधीच्या ५ कोटींतली कामे जिल्हा नियोजन कार्यालयाकडून कळतील. महापालिका, बांधकाम खाते आणि कुंभमेळा प्राधिकरण यांचा ताजा टप्पा एकत्र कुठे मिळेल? कांद्याची निर्यात केंद्र सरकारच्या हातात. तिथे नुसता ‘पाठपुरावा’ न लिहिता पत्राचा जावक क्रमांक द्यावा का?