पार्किन्सनवर स्टेम सेल : अजून किती थांबायचं?

वारणाकाठ : वडिलांच्या पार्किन्सनला नऊ वर्षं झाली. मेंदूतलं डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं रसायन) भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी आता तीन तासही पुरत नाही. एप्रिल 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दोन चाचण्या आल्या : अमेरिका-कॅनडात 12 रुग्ण, जपानच्या क्योतोत 7. स्टेम सेलपासून (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत सोडल्या, त्या जगल्या, डोपामाइन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. मग हा उपचार रुग्णांना खुला करा ना! वडिलांकडे आणखी दहा वर्षं नाहीत.

अनुजा_के : तुमची तगमग कळते, तरी विरोध करते. गर्भाच्या मेंदूतल्या पेशींचं रोपण स्वीडनमध्ये 1987 पासून होत होतं, काही रुग्ण खरंच सुधारले. मग अमेरिकेत 40 जणांची चाचणी झाली. तुलनेसाठी निम्म्यांच्या कवटीला नुसती छिद्रं पाडली, पेशी सोडल्याच नाहीत. 2001 चा निकाल : बरं वाटण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नाही. वर रोपण झालेल्या 15 टक्के रुग्णांना अनैच्छिक हालचालींचा त्रास, तोही गोळ्या कमी करूनसुद्धा.

रानपाखरू : अनुजाताई, तेव्हा गर्भातून मिळेल ती सरमिसळ घालत होते. आता तसं नाही. गर्भात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मध्यमेंदूच्या तळाशी जन्मतात. 'सॉनिक हेजहॉग' प्रथिन त्यांना तळाची ओळख देतं, 'डब्ल्यूएनटी' संदेश पुढे-मागे कुठे ते ठरवतो. तो कमी पडला तर अग्रमेंदूच्या पेशी, जास्त झाला तर पश्चमेंदूच्या. न्यूयॉर्कमध्ये लोरेन्झ स्टुडर यांच्या गटानं 2011 मध्ये हाच क्रम प्रयोगशाळेतल्या बशीत जमवला. मला तरी ही फार मोठी झेप वाटते.

अनुजा_के : झेप आहेच, पण पेशी चांगली म्हणजे रुग्ण बरा असं होत नाही. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनंही मेंदूत डोपामाइन सुटतं, हे व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2001 मध्येच स्कॅनवर दाखवलंय. 2025 च्या या दोन्ही चाचण्यांत तुलनागट नव्हता. मग सुधारणा पेशींची किती आणि आशेची किती, सांगायचं कसं?

वारणाकाठ : हे माहीत नव्हतं. तरी थांबा म्हणणं सोपं आहे, वडिलांना रोज शर्टाची बटणं मी लावतो. एका क्लिनिकनं चार लाखांत स्टेम सेल देतो म्हटलंय.

अनुजा_के : दादा, कृपा करून देऊ नका. कुठल्या पेशी, ते आधी विचारा. पोटाच्या चरबीतून काढून शिरेतून सोडणार असतील, तर त्या वर सांगितलेल्या पेशी नव्हेतच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सनसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

वारणाकाठ : उद्या त्या क्लिनिकला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागतो. तोवर पैसे देत नाही.