मदत हवी आहे: समुद्री टँकमध्ये एप्टेशिया फार वाढलेत

खारं_पाणी:
कृपया लवकर सांगा. टँकमध्ये एप्टेशिया, म्हणजे ती तपकिरी नकोशी समुद्रफुलं (सी ॲनिमोन), वाढतच चालली आहेत. चिमट्याने ओढली, ब्लेडने खरवडली, तरी आधीपेक्षा जास्त येतात. आता मागच्या काचेवर आणि पंपाच्या जाळीवरही दिसतात. एक तर झोआच्या (फुलांसारख्या दिसणाऱ्या, पोवळ्यांच्या जातकुळीतल्या जिवांच्या) कॉलनीला खेटून उगवलंय, त्या बाजूच्या झोआ उघडतच नाहीत. एकदाच टाकलं की सगळी मरतील असं औषध आहे का? 'गूगल करा' म्हणू नका, ते करून झालंय. नाहीतर उद्या सुट्टी आहे, सगळे रॉक बाहेर काढून उकळून टाकतो.

दर्यावर्दी:
टँक किती लिटरचा? आत कोण कोण आहे? फोटो का नाही टाकला? एप्टेशिया आहे की मजॅनो (तसलंच दुसरं नकोसं समुद्रफूल), हे आधी कळायला हवं. एप्टेशियाचा देठ लांब, अंग काचेसारखं पारदर्शक तपकिरी, शुंडके बारीक आणि टोकदार. हात नुसता जवळ नेला तरी भोकात गडप होतं. मजॅनो बुटकं, बहुधा हिरवट, शुंडक्यांची टोकं फुगीर. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

निळी_काच:
एप्टेशिया खाणारा कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणा, विषय संपला. माझ्याकडे एकाच माशाने सगळा टँक साफ केला. चुना-बिना टाकून मारत बसू नका.

ठाणेकर_मीनल:
कॉपरबँड सरसकट सुचवू नका हो. तो खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल, कित्येक दुकानातून आणल्यावर तोंडच उघडत नाहीत आणि उपासमारीने मरतात. चारेकशे लिटरच्या खाली तर त्याला ठेवूच नये. धागाकर्त्याने टँकचं माप अजून सांगितलेलंही नाही.

सांगलीकर:
माझ्या गोल्डफिशच्या टाकीत गोगलगायी झाल्या होत्या. मोरचूद अगदी थोडं टाकलं, सगळ्या गेल्या. करून बघा.

दर्यावर्दी:
@सांगलीकर, गोड्या पाण्याचा उपाय इथे देऊ नका. मोरचुदातल्या तांब्याने कोळंब्या, गोगलगायी, झोआ सगळं मरेल. शिवाय ते रॉकमध्ये मुरतं आणि पुढे बराच काळ पाण्यात झिरपत राहतं.

खारं_पाणी:
एप्टेशियाच आहे, लांब देठाचं. टँक २०० लिटर. दोन क्लाऊन मासे, एक गोबी मासा, हर्मिट खेकडे, झोआ, मशरूम पोवळी. एप्टेशिया खाते म्हणतात ती पेपरमिंट कोळंबी आहे, पण ती ढुंकूनही बघत नाही. उलट झोआ कुरतडते. म्हणून तर विचारतोय! उकळू का, एवढंच सांगा.

रत्नागिरीचा_अण्णा:
उकळू नका! बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी वाचा. झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. तसा रॉक उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरतं. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टँकमधली पोवळी साफ करताना हे विष हवेत पसरलं आणि अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेलं. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील. रॉक उकळायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, कडकडीत पाणीही ओतायचं नाही. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच.

ठाणेकर_मीनल:
अण्णांना अनुमोदन. आणि खरवडणं आजच थांबवा. तळव्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवीन एप्टेशिया उगवतं. म्हणून तर ती वाढताहेत. जागच्या जागीच मारायला हवीत.

तुमची कोळंबी बहुतेक पेपरमिंट नाहीच, कॅमल जातीची आहे. दुकानात या दोघींची सर्रास अदलाबदल होते. पेपरमिंटचं अंग दुधट पारदर्शक, त्यावर बारीक लाल रेघा. कॅमलच्या अंगावर लाल-पांढरे ठळक पट्टे आणि ठिपके, पाठीला कुबड, आणि डोक्यावरची चोच चक्क वरखाली हलते. ती एप्टेशिया खात नाही, झोआ मात्र खाते.

बॉस्टनकर:
थोडं अवांतर. इकडे प्रयोगशाळांत हेच एप्टेशिया मुद्दाम पाळतात. त्याच्या पेशींत पोवळ्यांसारखंच शैवाल राहतं आणि एप्टेशिया भराभर वाढतं, त्यामुळे पोवळी पांढरी का पडतात हे अभ्यासायला सोयीचं. २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला.

खारं_पाणी:
मला ती मारायची आहेत, पाळायची नाहीत. आणि हो, कोळंबीची चोच हलते.

रत्नागिरीचा_अण्णा:
मग ती कोळंबी दुकानात परत द्या. आता चुन्याचं सांगतो. पानाचा चुना टँकच्या थोड्या पाण्यात दह्याएवढा दाट कालवायचा. सगळे पंप बंद. सुई काढलेल्या सिरिंजने अलगद एप्टेशियाच्या तोंडावर गोळा ठेवायचा, त्याने अंग आत ओढून घेण्याआधी. अर्ध्या तासाने पंप सुरू.

दर्यावर्दी:
पानाचा चुना नको अण्णा. पाकिटातल्यात कधीकधी इतर पदार्थ मिसळलेले असतात. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड केमिकलच्या दुकानात स्वस्त मिळतं.

रत्नागिरीचा_अण्णा:
मी साधा विरवलेला चुना वापरतो, सुगंधी नव्हे. पण शुद्ध मिळत असेल तर उत्तमच. एका बैठकीला मोजकीच मारा, नाहीतर २०० लिटरमध्ये पीएच एकदम चढेल. चुना हाताला आणि डोळ्यांना भाजतो.

निळी_काच:
त्यापेक्षा लिंबाचा रस टोचा. आणि हे रॉक मालवणहून उचललेत का? तसं असेल तर तिथे अभयारण्य आहे, आणि कठीण पोवळी तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात.

ठाणेकर_मीनल:
कायद्यासाठी वेगळा धागा काढा ना. लिंबू मोठ्या एप्टेशियावर चालतं, पण सुई देठात नीट शिरली तरच.

खारं_पाणी:
रॉक दुकानातूनच घेतलेत. उकळणं रद्द. झोआला खेटून आहे त्याचं काय? चुना झोआवर पडला तर?

ठाणेकर_मीनल:
झोआ जळतील. ते एक सोडून द्या, काचेवरची आणि मोकळ्या रॉकवरची चुन्याने मारा. झोआजवळच्यासाठी खरी पेपरमिंट आणा, चोच बघून. ती रात्री खाते, तेही पोट भरलेलं नसेल तरच. माशांना खाणं दिवसातून किती वेळा आणि कोणतं घालता? ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. उरलेल्या खाण्यावर एप्टेशियाच आधी पोसतात.