बाबा बीपीची गोळी डोकं जड वाटलं तरच घेतात, कसं समजवायचं?

कृष्णाकाठची_लेक:
बाबा ६४ वर्षांचे, कराडजवळ गावी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात नोकरीला. ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० चालू आहेत, म्हणजे आम्ही तसंच समजत होतो. आता गावी गेले तर कपाटात अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिप्सचा ढीग. विचारलं तर म्हणतात मला काही त्रासच नाही, डोकं जड वाटलं की घेतो, रोज गोळ्या खाऊन किडन्या घालवू का. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मात्र दोन्ही घेतात, आणि तिथे बीपी १६०/१०० निघालं की डॉक्टरना वाटतं गोळी कमी पडतेय, मागच्या वेळी डोस वाढवायचं बोलत होते. मी रागावले तर बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. कुणाच्या घरी असं आहे का?

मेडिकलवाला_मिरज:
ताई, घरोघरी हेच आहे. माझ्या काउंटरला रोज कुणीतरी म्हणतं "पाचच गोळ्या कापून द्या", महिन्याची स्ट्रिप एकदम घ्यायला पैसे नसतात आणि मग पाच संपल्या की पुढचा बाजार येईपर्यंत काही नाही. दुसरे म्हणजे रीडिंग १३०/८० आलं की बीपी गेलं म्हणून गोळी बंद करणारे, अहो ते गोळीमुळेच आलंय ना. आणि कंपनी बदलली, गोळीचा रंग बदलला की म्हातारी माणसं घाबरतात, काही जण जुनी नवी दोन्ही घेतात. पैशाचा प्रश्न असेल तर जन औषधीत या दोन्ही गोळ्या खूपच स्वस्त मिळतात, सरकारी आरोग्य केंद्रात तर फुकट.

उपकेंद्रातली_ताई:
मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बीपीचे पेशंट रोज बघते. आपल्या सातारा जिल्ह्यात आयएचसीआयचा, म्हणजे बीपी नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरुवातीच्या काळापासून आहे, त्यात एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या देतो आणि कुणी तारखेला आलं नाही की आशाताई फोन करतात किंवा घरी जातात. त्यामुळे न येण्याची कारणं कळतात. "गोळी घेता का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. मी विचारते "गेल्या आठवड्यात किती चुकल्या, सगळ्यांच्याच चुकतात", मग बोलतात. कुणाला पाण्याच्या गोळीनं सारखी लघवी होते म्हणून एसटीनं जायचं असलं की गोळी नाही, कुणाला रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला, आणि ॲम्लोडिपिननं बऱ्याच जणांच्या घोट्यांवर सूज येते. हे डॉक्टरना सांगतच नाहीत, गपचूप बंद करतात.

किडनीचं उलट आहे बघा. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर किडनी खराब होते, आणि टेल्मिसार्टन तर किडनीच्या काही पेशंटना किडनी जपायलाच देतात, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते कळतं) आणि पोटॅशियम डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायचं. डोकं जड होण्याची वाट बघू नका, १८० असलं तरी कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि पहिलं लक्षण थेट लकवा असतं. फक्त आदल्या दिवशी घेऊन बीपी नीट आटोक्यात येत नाही, ॲम्लोडिपिनचा पूर्ण असर यायला रोज घेऊन आठवडाभर तरी लागतो. डॉक्टरना खरं सांगा, नाहीतर डोस वाढेल आणि एखाद्या दिवशी बाबांनी सगळ्या गोळ्या नेमानं घेतल्या तर चक्कर येऊन पडतील.

वर्ध्याचा_पोरगा:
आमच्या आईचं उपवासाला अडायचं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही म्हणून सरळ सुट्टी. डॉक्टर म्हणाले तुमच्या गोळीला जेवणाची अट नाही, पाण्यासोबत घ्या, आणि पाण्यानं उपवास मोडत नाही म्हटल्यावर आई लगेच तयार झाली!! आता सकाळच्या चहाचा कप आणि गोळी एकाच ट्रेमध्ये असते. आईला आम्ही किती वर्षं हट्टी म्हणायचो, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

कृष्णाकाठची_लेक:
ताई, तुमचं वाचून फोन केला आणि किती चुकल्या तसंच विचारलं, न रागावता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, पाय सुजतात, गोळी नाही घेतली की बरं वाटतं. आईलासुद्धा माहीत नव्हतं! गुरुवारी सुट्टी टाकून डॉक्टरकडे नेतेय. तोवर ॲम्लोडिपिन बंद ठेवू का?

उपकेंद्रातली_ताई:
तुम्ही मनानं बंद-चालू करू नका, आजच डॉक्टरना फोन करून सूज आणि चुकलेल्या गोळ्या दोन्ही सांगा, गुरुवारपर्यंत काय घ्यायचं ते तेच ठरवतील. डोस कमी करता येतो, गोळी बदलताही येते. दम लागत असेल किंवा एकाच पायाला सूज असेल तर गुरुवारची वाट बघू नका. आणि जाताना सगळ्या अर्ध्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, बाबांना स्वतः बोलू द्या.