जुना कॉम्प्युटर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? तुमचे अनुभव सांगा

शेवंती
काल माळा आवरताना आप्पांचा जुना सीपीयू सापडला. २००६ चा. शेवटी शेवटी तो रोज १ जानेवारी २००२ अशी तारीख दाखवायचा. आप्पा न कंटाळता ती नीट करायचे नि मग टायपिंगला बसायचे. तारीख-वेळ लक्षात ठेवणारा आतला नाण्याएवढा सेल (सीआर २०३२) संपला होता, एवढंच. पण घरात सगळे म्हणायचे, "म्हातारा झालाय तो." त्यामुळे पुढे टक् टक् आवाज यायला लागला तेव्हा तोही म्हातारपणातच धरला. तो आवाज हार्डडिस्कचा होता, सगळ्या फायली जिच्यात साठतात तिचा. आजीच्या तोंडच्या ओव्या आप्पांनी उतरवून घेतल्या होत्या, त्या तिच्यातच राहिल्या. आता माझा लॅपटॉप कुरकुरतोय. तुम्ही कसं ओळखता?

गच्चीतली बाग
अगं टक् टक् ऐकलं की तिथेच बंद करायचा. चालतोय का म्हणून पुन्हा पुन्हा लावून बघितलं की उरलेलंही खरवडून निघतं. डिस्क आहे ना अजून? टाकू नकोस.

शेवंती
आहे ताई. आईने फडक्यात गुंडाळून ठेवलीय.

खाडीपलीकडचा
कोकणात पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे तीन बीप नि काळी स्क्रीन. रॅम (मेमरीची पट्टी) काढायची, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. सात पावसाळे काढले असे. आठव्याला कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवरचे (मुख्य बोर्डावरचे) कपॅसिटर, म्हणजे छोटी नळकांडी, डोक्याला फुगलेले. भावाने मुंबईतला लॅमिंग्टन रोड पालथा घातला, तो बोर्ड नाही मिळाला. तेव्हा नवा घेतला. जुन्याची डिस्क काढून केबलने जोडली, सगळे फोटो आले.

मंजू
माझा २०१५ चा लॅपटॉप. सुरू व्हायला सहा मिनिटं, तोवर भाजी चिरून व्हायची. दुकानदार म्हणाला नवाच घ्या. भाच्याने हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, रॅम ४ जीबीची ८ केली, मिनिटाच्या आत सुरू! पण विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीतला प्रोसेसर लागतो, माझा पाचवीतला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. लेकीचा अभ्यास त्यावर मस्त चालतो. मशीन धडधाकट असताना भंगारात घालायचं जिवावर येतं हो.

छापखाना
माझी अडचण वेगळी. पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमधलं वीस वर्षांचं काम, लग्नपत्रिका, दिवाळी अंक. युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नसल्याने दुसरीकडे उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन ठेवलंय, २०१४ पासून त्याला इंटरनेट लावलेलं नाही. रोज दोन फायली युनिकोडमध्ये करतो. ते बंद पडायच्या आत सगळं उरकायचंय.

मंजू
काका, आधी तशाच्या तशा दोन पेनड्राइव्हवर उतरवा! बाकीचं सावकाश करा.

निशिगंध
घाईत लिहितेय. टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही. टचपॅडच बदलावं का?

खाडीपलीकडचा
थांबा! खाली बॅटरी फुगली असेल. चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवू नका. गादीवर तर अजिबात ठेवू नका. उद्याच दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी बदलली की बहुतेक टचपॅड आपोआप बसतं.

निशिगंध
बापरे, पोराच्या मांडीवर होता आत्ता. काढला. खूप आभार दादा.

जाई
शेवंती, ओव्या जात्यावरच्या का? आजी कुठल्या?

शेवंती
हो, जात्यावरच्याच. मुळशीतली माझी आजी.

जाई
मग ऐक, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर आहेत. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर बघ, गावांची नावंही दिलीत. आजीच्या गावचं कुणीतरी सापडेल.

शेवंती
खरंच? आईला आत्ता हाक मारते. दोन ओळी तिलाही येतात, त्या आधी फोनवर रेकॉर्ड करते.